डब्यात कोंडलेला तेरावा पत्ता

मी तेरावा पत्ता बोलतोय. टॅरोच्या गड्डीत आम्ही अठ्ठ्याहत्तर भावंडं; त्यातला मीच असा, की ज्याचं तोंड पाहायला कोणी राजी नसतं. माझ्यावर पांढऱ्या घोड्यावर बसलेला सांगाडा आहे आणि नाव आहे 'मृत्यू'. माणसं तेवढंच बघतात आणि दचकतात. मागे नदी आहे, नदीत नखाएवढी होडी आहे, पार टोकाला दोन बुरुजांमधून सूर्य उगवतोय, हे बघायला कोणाला सवड नसते.

जन्म माझा कुठल्याशा छापखान्यातला. तिथून मी ठाण्याला, नौपाड्यातल्या प्रमोदिनीबाईंच्या घरी आलो. बाई मूळच्या पत्रिका बघणाऱ्या. साठीनंतर भाचीच्या नादाने टॅरो शिकल्या, पण राशी काही सोडल्या नाहीत. आमच्या अंगावर त्यांनी पेन्सिलीने राशी लिहून ठेवल्या. माझ्या वाट्याला वृश्चिक आली. बाईंची पद्धत अशी, की ज्याच्याबद्दल प्रश्न असेल त्याच्या राशीचा पत्ता आधी लाल कापडाच्या मधोमध ठेवायचा, मग त्याच्याभोवती तीन पत्ते मांडायचे.

सगळं ठीक चाललं होतं. मग घोडबंदर रोडची दिपिका नावाची मुलगी बढतीबद्दल विचारायला आली आणि नेमका मी निघालो. बाई जीव तोडून सांगत होत्या, "अगं, याचा अर्थ मरण नव्हे. एक संपतं, दुसरं सुरू होतं, एवढंच." पण ती रडत गेली ती पुन्हा फिरकलीच नाही. त्याच दिवशी बाईंनी मला शिवणकामाच्या डब्यात, बटणांच्या आणि रिळांच्या खाली टाकलं. "उगाच लोक घाबरतात," म्हणाल्या. त्यांनी ते दयेपोटी केलं. मला मात्र त्याचा राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं. त्या फटीतून मी बाहेरचं बघत असे.

कळव्याची सरस्वती कोळीण वीस वर्षं बाईंकडे मासळी घालायची. नारळी पौर्णिमेनंतर तिचा नवरा नाथा होडी घेऊन खाडीत गेला, तो आलाच नाही. महिना होत आला, ना तो सापडला ना होडी. दीर महिपत म्हणत होता, प्रेत मिळत नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ. तिने त्याला दारातूनच घालवून दिलं आणि रिकामी पाटी घेऊन बाईंकडे आली.

"बाय, त्यो येल का नाय, येवढंच सांग मना."

"रास कोणती त्याची?"

"वृश्चिक बोलतान ना, तीच."

मला वाटलं, आता तरी बाहेर काढतील. बाईंचा हात डब्यापर्यंत आला, थबकला आणि मागे गेला. या बाईसमोर सांगाडा कसा ठेवायचा? "वृश्चिक पाण्याची रास, मीनही पाण्याचीच," असं पुटपुटत त्यांनी माझ्या जागी मीन राशीचा पत्ता ठेवला. तो चंद्राचा पत्ता. त्याच्यावर वर चंद्र आहे, खाली दोन जनावरं तोंड वर करून रडताहेत, आणि पाण्यातून काहीतरी सरपटत काठावर चढतंय.

भोवतीचे तिन्ही पत्ते चांगले निघाले. वाईट निघायला मी गड्डीत होतो कुठे?

"येईल," बाई म्हणाल्या. "पौर्णिमेपर्यंत येईल."

त्या पौर्णिमेला, टळटळीत दुपारी, डब्यात ओल आली. बटणांना खाऱ्या चिखलाचा वास सुटला. आणि माझ्या अंगावरची होडी, जी छापल्यापासून एका जागी होती, ती सूर्याकडे पाठ करून तांदळाच्या दाण्याएवढी अलीकडे सरकली. मी साधा कागद, पण भीती म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं.

दुसऱ्या दिवशी सरस्वती आली ती केसांत अबोली माळून.

"बाय, आला गो त्यो! दुपारचं उधानाचं पानी उंबऱ्याला लागलं, तवा मना हाक मारली. मी ताट वाढलं. पानी उतरल्यावर बघतंय तर ताट रिकामं, पाटावर नुसता चिखल."

"तू... पाहिलंस त्याला?"

"पाठमोरा बसलेला. तोंड फिरवतच नवता."

बाईंची नजर माझ्या डब्याकडे गेली. पण चुकले म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. "जप हो," एवढंच म्हणाल्या. अमावास्येच्या उधाणाला होडी आणखी अलीकडे आली. बाईंना तिकडे झोप लागत नव्हती, आणि इकडे मी रिळांच्या ओल्या दोऱ्यांत भिजत पडलो होतो.

पुढच्या पौर्णिमेला सकाळीच सरस्वती धावत आली. सोबत नऊ वर्षांची लेक, प्राप्ती. पोरीच्या पायांवर गुडघ्यापर्यंत सुकलेला चिखल होता.

"काल हिला खारफुटीतून ओढून काढली. बापानं बोलावलं म्हनते."

प्राप्ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा बोलले, उद्या होडीत बस. तुझी जागा ठेवलीय."

सरस्वतीने पोरीला जवळ ओढलं. "मना माझा नवरा पायजे व्हता, बाय. पन पोरीला देऊन नाय. दुपारी भरती येल. मी काय करू?"

बाईंनी डबा ओढला. "सरस्वती, माझं चुकलं. नाथाच्या राशीचा पत्ता मी मांडलाच नाही. तू घाबरशील म्हणून लपवला आणि त्याच्या जागी चंद्र ठेवला. चंद्र पाण्याला ओढून आणतो गं. जाऊ देत नाही."

मी बाहेर आलो तेव्हा माझ्यातून पाणी ठिबकत होतं. बाईंनी मला कापडाच्या मधोमध ठेवलं. आता ही किंचाळणार, मी मनाची तयारी केली. पण सरस्वतीने सांगाड्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ही त्याची होरी," तिने बोट ठेवलं.

होडी घोड्याच्या खुरांपाशी येऊन थांबली होती. तिच्यात एक माणूस पाठमोरा बसला होता. तो माझ्यावर कोणी छापलेला नव्हता.

"आन् ह्यो सूर्य? बुडतंय?"

"उगवतोय. नाथाला तिकडे जायचंय. आपण त्याला अडवून धरलंय."

सरस्वती खूप रडली. मग पदराने तोंड पुसून तिने महिपतला फोन लावला.

बारा वाजता कळव्याच्या काठावर दर्भाचा पुतळा नाथाच्या सदऱ्यात गुंडाळून ठेवला होता. पाणी भराभर चढत होतं. "बाबा आले," म्हणत प्राप्ती पाण्याकडे ओढ घेत होती. सरस्वतीच्या एका हातात पोरीचं मनगट होतं, दुसऱ्या हातात मी. महिपतने अग्नी दिला. तिने केसांतली अबोली पाण्यात सोडली, आणि जन्मात कधी नवऱ्याला नावाने हाक न मारलेली ती बाई मोठ्याने म्हणाली, "जा, नाथा. मी वाट बघनार नाय."

पाणी तिच्या पावलांना लागलं, क्षणभर तिथेच राहिलं आणि उतरायला लागलं.

"आई, भूक लागली," प्राप्ती म्हणाली.

संध्याकाळी सरस्वतीने मला परत आणून दिलं. "याला डब्यात टाकू नको, बाय," एवढंच बोलून ती गेली. आता मी गड्डीत भावंडांच्या मध्ये असतो. ओलीने माझे कोपरे फुगलेत, पेन्सिलीची वृश्चिक पुसट झालीय. लोक अजून दचकतात, बाई त्यांना समजावतात, पण मला काढून ठेवत नाहीत.

माझी नदी रिकामी आहे. छापलेली ती होडी बुरुजांपलीकडे गेली, ती गेलीच. तेव्हा कधी तुमच्यासमोर आलो तर सांगाड्याला भिऊ नका, आधी नदी बघा. तिथे होडी दिसली तर सरळ घरी जा, आणि ज्याला धरून ठेवलं असेल त्याला सोडा. उद्यावर ढकलू नका. पौर्णिमा दर महिन्याला येते.