कांबळं पांघरलेली गादी

मी एक जुनी, दीड हात रुंदीची गादी आहे. कांदिवलीच्या एका सोसायटीत रुक्मिणीताईंचं पाळणाघर आहे, तिथली. मित्रांनो, मऊ गाद्यांचं फार कौतुक करू नका. मी कडक आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. गादीवाल्याने माझ्यात कापूस ठासून भरला, कारण तान्हं बाळ मऊ गादीत रुतलं तर त्याचं नाक दबतं. सहा वर्षांत माझ्यावर पंधरा बाळं निजली. माझा कोपरा चघळला नाही असं त्यांत एकही नाही.

मग शेजारच्या इमारतीत आग लागली. कुणाला इजा झाली नाही, पण आमचे सेक्रेटरी नितेश धास्तावले. लवकर पेट घेऊ नये म्हणून औषध मारलेली फोमची गादी घेऊन ते स्वतःच आले.

"ताई, यापुढे अशाच वापरा. कापूस पटकन पेटतो. नाहीतर सोमवारपासून पाळणाघर बंद."

ताईंनी ती हुंगली. "काय उग्र वास येतोय हो. पोरं गादी चावतात. हे औषध त्यांच्या पोटात जायचं ना?"

दोघांचंही बरोबर होतं. मी पेटले असते, हे मला कबूल करावंच लागलं. ताई रडवेल्या झाल्या. चार बाळांच्या आया त्यांच्या भरवशावर नोकरीला जात होत्या.

त्यांचे सासरे धोंडूआबा कोपऱ्यातून म्हणाले, "माझा कांबळा घाल गो तिका. लोकर बेगीन पेटणा नाय."

आबांचं कांबळं धुऊन मला गुंडाळलं आणि वर सुती खोळ शिवली. रविवारी गच्चीवर नितेशनी माझ्यावर निखारा ठेवला. मी जाम घाबरले होते. खोळीला भोक पडलं, कांबळं करपलं, केस जळल्यासारखा वास सुटला आणि निखारा तिथेच विझला. आतला कापूस पांढराशुभ्र राहिला.

"गादी पास," नितेश म्हणाले. "पण ताई, तुमचा दरवाजा नापास. वाट अडवणाऱ्या त्या बाबागाड्या हटवा. गादी थोडा वेळ देईल, पोरांना बाहेर तुम्हालाच काढायचंय."

बाकीच्या गाद्यांनाही तशीच लोकरीची कांबळी गुंडाळली आणि सोमवारी पाळणाघर उघडलं. त्याच आठवड्यात नितेशनी सराव घेतला. घंटा वाजताच ताईंनी आणि त्यांच्या मदतनीस जानकीने दोन-दोन बाळं उचलली आणि मोकळ्या दारातून बाहेर पडल्या. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. इतका अभिमान मला गच्चीवरही वाटला नव्हता.

मित्रांनो, घरात बाळ येईल तेव्हा गादी घेताना दोन्ही विचारा: ही पेटेल का, आणि बाळाने चावली तर चालेल का? आणि आग लागलीच, तर बाळ उचला आणि मला खुशाल मागे सोडा.