एका न मिळालेल्या कॉफीची खुर्ची

मी एक जुनी, बिनपाठीची, गोल खुर्ची आहे. तुम्ही मला स्टूल म्हणाल. म्हणा बापडे, आता माझी कशालाच हरकत नसते. मित्रांनो, मी फार थकले आहे. मध्येच कुरकुरले तर तेवढे सोसून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी खांब, चकचकीत कडे आणि वर लाल रेक्झिनची गादी. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, एका लहान गावाच्या मोठ्या दुकानात, खाण्याच्या काउंटरपुढे आम्हा चौदा बहिणींना ओळीने जमिनीत पक्के केले. लोक येत, कॉफी पीत, निघून जात. पोरे मला गरगर फिरवून बेजार करत. एक गोष्ट मात्र मला कळत नसे. कृष्णवर्णीय माणसांना त्या दुकानात साबण विकत घेता येई, पेन्सिली घेता येत, पण आमच्यावर बसता येत नसे. आमच्यावर फक्त गोऱ्यांनी बसायचे, असा तिथला नियम होता. मला विचाराल तर सगळ्यांचे वजन सारखेच लागते. पण खुर्चीला कोण विचारतो?

१९६० सालच्या फेब्रुवारीत एके दुपारी कॉलेजातली सहा कृष्णवर्णीय मुले-मुली आली आणि सरळ आमच्यावर बसली. माझ्यावर बसली ती एकोणीस वर्षांची मुलगी होती. कडक इस्त्रीचा फ्रॉक, मांडीवर रसायनशास्त्राचे पुस्तक.

"एक कॉफी, प्लीज," ती म्हणाली.

"तुम्हाला इथे बसता येणार नाही," काउंटरमागची बाई म्हणाली.

मुलगी बसून राहिली. दुकान बंद व्हायच्या वेळी उठली, "थँक यू" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. असे तिने एकवीस दिवस केले. कुणी तिच्या केसांत साखर ओतली, कुणी मानेवर केचप. एकाने जळती सिगरेट तिच्या हाताला टेकवायला आणली. तिने हात काढून घेतला आणि ती सिगरेट माझ्या गादीच्या कडेत विझली. त्यानंतर ती मुलगी रोज त्या भोकावर अंगठा दाबून बसे. हात उगारायचा नाही, उलट बोलायचे नाही, हे त्या मुलांनी आधी चर्चमध्ये घोटून घेतले होते. तिथे एकमेकांना ढकलून, शिव्या देऊन ते सोसण्याची तालीम करत म्हणे. बाहेरून ती शांत दिसे. तो अंगठा किती जोरात रुतलेला असे, ते फक्त मला कळे.

बाविसाव्या दिवशी मालकाने काउंटरच बंद केला. त्यांना कॉफी द्यावी लागू नये म्हणून कोणालाच द्यायची नाही! आम्हाला मुळासकट उपटले. पुढे इतर गावांत नियम बदलला, कायदाही आला; पण त्या मुलीला माझ्यावर बसून कॉफी मिळाली नाही ती नाहीच. ते मला फार लागून राहिले.

मग चाळीसहून जास्त वर्षे मी एका गोठ्यात पडून होते. कुणीतरी माझ्या खांबाखाली लाकडी फळी ठोकली. कोंबड्या माझ्यावर निवांत बसत आणि त्यांना कोणी हटकत नसे. शेवटी २००४ साली एका घराच्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून गुरुनाथ आणि शरयू या जोडप्याने मला त्याच राज्यातल्या मॉरिसव्हिल गावी आपल्या घरी आणले. गुरुनाथ सॉफ्टवेअरमध्ये होता, नागपूरचा. वरच्या कपाटातले डबे काढायला शरयू माझ्यावर चढायची.

"हे डगडगतं स्टूल फेकून दे ना यार, मी नवीन ऑर्डर करतो," गुरुनाथ म्हणायचा.

"आधी त्याचा स्क्रू टाइट कर. तीन वीकेंड झाले सांगतेय."

स्क्रू काही घट्ट झाला नाही. ज्या खुर्चीवर बसायला माणसांनी एवढे सोसले, तिच्यावर चढून आता चकलीचा सोऱ्या काढत. चालायचेच.

व्हिसामुळे शरयूला नोकरी करता येत नव्हती, म्हणून ती लायब्ररीत इंग्रजी संभाषणाच्या मोफत वर्गाला जाई. तो वर्ग मिस लोरेटा नावाच्या निवृत्त शिक्षिका घेत. शरयू घरी त्यांना नेहमी 'आमच्या बाई' म्हणायची. २००५च्या दिवाळीत तिने बाईंना फराळाला बोलावले.

बाई स्वयंपाकघरात आल्या आणि मला पाहून थबकल्या. वाकून त्यांनी माझ्या गादीच्या भोकावर अंगठा ठेवला. मित्रांनो, तो अंगठा मी कसा विसरेन? त्या हळूच माझ्यावर बसू लागल्या.

"नो, नो! यू कॅनॉट सिट हिअर!" शरयू ओरडली.

बाईंनी हात काढून घेतला. चेहरा दगडासारखा झाला. "ओके," एवढेच म्हणून त्या आपला कोट घ्यायला दाराकडे वळल्या.

शरयूला काही कळेना. ती धावत आडवी गेली आणि तुटक्या इंग्रजीत म्हणाली, "बाई, मी सकाळीच त्यावर पाय देऊन उभी होते. तुम्ही माझ्या टीचर आहात. पाय ठेवलेल्या जागी तुम्हाला कशी बसवू?"

बाई दारातून परत माझ्याजवळ आल्या. मग त्यांनी सगळे सांगितले. दुकान, साखर, एकवीस दिवस. "नंतर मी शंभर ठिकाणी कॉफी प्यायले," त्या म्हणाल्या, "पण या खुर्चीवर नाही."

शरयूच्या डोळ्यांत पाणी आले. तिने ओल्या फडक्याने मला पुसले, मला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि विचारले, "तुम्हाला कुठे बसायला आवडेल?"

"इथे."

मी डगडगले. गुरुनाथ चटकन गुडघ्यांवर बसला आणि माझी फळी दोन्ही हातांनी धरली. "सॉरी, स्क्रू उद्या नक्की..."

"आता बोलू नकोस, घट्ट धर फक्त," शरयू म्हणाली आणि तिने दुधातली, चांगली गोड कॉफी केली. बाईंनी ती तळाशी उरलेल्या साखरेसकट संपवली. मला रडता येत नाही. आले असते, तर त्या दिवशी पोटभर रडले असते.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची नाही. मला जपा असेही म्हणत नाही, माझे जे व्हायचे ते होवो. एवढेच ऐका. कोणी कुठे बसायचे हे, प्रेमापोटीसुद्धा, आपणच ठरवून टाकू नका. आधी त्यांना विचारा आणि लवकर विचारा. पंचेचाळीस वर्षे फार होतात हो.