कौलावरची दाढ

मी एक जुनं, जरासं वाकडं कौल आहे, मित्रांनो. कोरियातल्या एका डोंगराळ गावात, मान्शिक आजोबांच्या छपराच्या कडेला पन्नास वर्षं पडून आहे. वाकडा निघालो म्हणून गवंड्याने कडेला ढकललं, आणि म्हणूनच पोरांचे दुधाचे दात माझ्या वाट्याला आले.

आमच्याकडे पडलेला दात छपरावर फेकतात, काची नावाच्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यानं तो न्यावा म्हणून. "काची पक्ष्या, जुना घे, नवा दे!" असं ओरडतात. दात काढण्यात आजोबांचा हातखंडा. दाताला दोरा बांधायचा, कपाळावर टिचकी मारायची, की दात बाहेर!

त्यांची नात बोराम आठ वर्षांची. एका वसंतात महिन्याभरात तिचे तीन दात पडले, तेही एकाच बाजूचे.

"दुखलं का गं?"

"छे! कळलंसुद्धा नाही, आजोबा."

"बघ, हाताला गुण आहे माझ्या!"

पुढे तिचा गाल फुगला. तरी आजोबा सुनेला, बोरामच्या आईला, म्हणाले, "अगं, भरल्या गालाची पोर नशीबवान असते. तू काय तोंड पाडून बसलीस?"

आजोबांनी काढलेला चौथा दात माझ्यावर पडला आणि मी हादरलो. तो जड होता, मुळाचा तुकडा लागलेला. अहो, ती कायमची दाढ होती! मला कळलं, पण कौलाचं ऐकतो कोण?

शरदात सून बोरामला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. पहिला निरोप आला, "कर्करोग नाही." आजोबांनी अख्ख्या आळीला तांदळाची दारू पाजली. दुसरा निरोप सुनेनेच आणला.

"मामंजी, गाठ जीव घेणार नाही, पण हाड खात सुटलीय. अर्धा जबडा काढावा लागेल. वेळेत आणली असती तर थोडक्यात भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले."



हिवाळ्यात बोराम परतली. उजवा गाल आत गेलेला, बोलणं अडखळतं. त्याच दिवशी आजोबांनी शिडी लावली आणि बर्फात हात घालून मला चाचपू लागले.

"आजोबा, उतरा ना, पडाल! काचीला दिलेलं परत मागतात का?"

"त्यानं नेलंच नाही गं. इथंच आहे बघ."

ती दाढ मुठीत धरून म्हातारा शिडीवरच हुंदके देऊन रडला.

मित्रांनो, दात खुशाल फेका. पण आधी तो नीट बघा, आणि आपलं तोंड मोठ्यांना दाखवा. आजोबा आता कुणाचे दात काढत नाहीत. पोरं दोरा घेऊन आली की म्हणतात, "आधी आ कर." आणि कितीतरी वेळ बघत राहतात.