हिरवा दिवा आणि एक घड मटोके

पैज लागली ती माल्वाच्या माठाभोवती. रविवारी दुपारी आमच्या गल्लीतली सहा-सात टाळकी मधे माठ ठेवून बसतात, प्रत्येकाच्या तोंडात पुरुषभर लांब नळी. नाचणीची ती कोमट दारू चढायला लागली की जो तो आपापली बढाई सुरू करतो.

त्या दिवशी पाळी वेकोयेची होती. वेकोये म्हणजे टेकडीवरच्या हॉस्पिटलचा व्यवस्थापक, माझा शेजारी आणि माझा सुरीचा जोडीदार. एकाच वर्षी, एकाच अंगणात आमची दोघांची इम्बालू झाली. अख्ख्या गावासमोर, उभ्याने सुंता, आणि पापणी लववायची नाही. असल्या जोडीदाराची हयातभर वाट्टेल तशी थट्टा करायचा हक्क असतो. मी तो पुरेपूर वसूल करतो.

तर वेकोये सांगत होता की त्याने हॉस्पिटलचा खर्च कसा छाटला. पूर्वी सगळ्या पेशंटांच्या माहितीची एक प्रत रोज कंपालाच्या मशीनवर जायची, त्याचं दरमहा भाडं जायचं. याने ते बंद केलं, आणि भाडं थांबताच तिथली जुनी प्रतही पुसली गेली. त्याऐवजी एक डबी आणली, सर्व्हरच्या डोक्यावर ठेवली आणि त्याच्याच विजेच्या बोर्डात खोचली. रोज प्रत उतरते, हिरवा दिवा लागतो, झाला बॅकअप.

माझी हॉस्पिटलच्या फाटकासमोर फोन दुरुस्तीची टपरी आहे. दिवा हिरवा आणि आत सगळं खलास, असे फोन मी रोज दहा बघतो. मी त्याला विचारलं, त्या डबीतून कधी काही परत काढून बघितलंस का? तर म्हणाला, कशाला? त्याला कंपालाहून माणूस बोलवावा लागतो, त्याचेही पैसेच.

मी म्हटलं, गरज पडेल त्या दिवशी त्या डबीतून एक ओळ निघणार नाही. तो म्हणाला, सगळं निघेल. मग अट ठरली. हरणाऱ्याने बायकोची गोमेसी घालायची, तोच तो टोकदार खांद्यांचा झगा, कमरेला झगझगीत पट्टा बांधायचा, आणि दवाखान्याच्या दिवशी फाटकासमोर बसून मटोकेचा, म्हणजे भाजीच्या हिरव्या केळ्यांचा, अख्खा घड सोलायचा. आमच्याकडे केळी सोलणं बाईचं काम. पुरुष सोलताना दिसला तर बातमी सासुरवाडीपर्यंत जाते. सगळ्यांनी नळ्या आपटल्या. मी तर पोट धरून हसत होतो.

महिन्याभरात एल्गॉन डोंगराकडून वीज कडाडली. लाईट गेली, आणि आली ती दुप्पट जोराने. सर्व्हर जळाला. त्याच्या डोक्यावरची, त्याच बोर्डातली डबीही जळाली.

दुसऱ्या दिवशी नांबोझो आपल्या मुतोन्यीला पाठीवर घेऊन आली. नांबोझो बाजारात बांबूचे कोंब विकते, माझ्यापासून दोन घरं सोडून राहते. पोरगी नऊ वर्षांची, तिला सिकल सेल. आजवर चौदा वेळा रक्त चढवलंय, त्यामुळे आता तिच्या अंगाला वाटेल ते रक्त चालत नाही. कुठलं चालतं आणि कुठलं जिवावर बेततं, ते लॅबने पाच वर्षं खपून शोधून ठेवलं होतं. लॅबवालीने कॉम्प्युटर लावला. पडदा कोरा.

आणि वही? पूर्वी प्रत्येकाकडे शाळेची वही असायची. डॉक्टर त्यात लिहायचा, वही पेशंट घरी न्यायचा. कॉम्प्युटर आला तेव्हा वेकोयेने रेडिओवरून सांगितलं, वह्या जमा करा, आता गरज नाही. मी केली नाही. मी कुणाचंच ऐकत नाही. पण नांबोझोसारख्या ऐकणाऱ्या बायांनी केल्या. तिच्या तर चार वह्या होत्या, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या. खोली अडते म्हणून वेकोयेने तो ढीग रद्दीत काढला. फाटकावरची शेंगदाणेवाली त्याच कागदांच्या पुड्या बांधायची. कुणाचा मलेरिया, कुणाचं बाळंतपण वाचत मी दाणे खाल्लेत, आणि हसलोयसुद्धा. आज त्याची लाज वाटते.

पोरीचं रक्त बर्फात घालून कंपालाला तपासायला पाठवलं, टॅक्सीवाल्याच्या मांडीवर. तीन दिवस ती खाटेवर पडून होती, ओठ राखेसारखे. नांबोझो तिच्या तळपायाला हात लावून बसायची, गार पडलेत का ते बघायला.

आणि आमचे साहेब काय करत होते? वरच्या ऑफिसला पत्र लिहीत होते. नैसर्गिक आपत्ती म्हणे. मी पैजेची आठवण केली तर म्हणाला, "डबीतून निघालं नाही असं कुठे झालं? डबीला काढायची संधीच मिळाली नाही. पैज रद्द." मला हसू आलं नाही. टपरीवाल्या मुडोमाला हसू आलं नाही, ही गल्लीत बातमी झाली.

तिसऱ्या दिवशी जुळणारं रक्त आलं. दोन पिशव्या चढल्यावर मुतोन्यीने डोळे उघडले आणि आईला विचारलं, दुकानावर कोण बसलंय?

तेव्हा कुठे मी हललो. वेकोयेच्या बायकोकडे गोमेसी मागितली. तिने इस्त्री करून दिली. बुधवारी, दवाखान्याच्या दिवशी, फाटकासमोर शे-दोनशे बाया रांगेत असताना, मी मटोकेचा घड मधोमध ठेवला आणि त्याला हाक मारली.

तो बाहेर आला, घड बघितला आणि हळूच म्हणाला, "मुडोमा, इथे नको. मी अधिकारी माणूस आहे."

"इम्बालूच्या दिवशी तुझी पापणी लवली नव्हती," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आज लवली, असं सांगू का घरी जाऊन?"

नांबोझो वॉर्डातून आली होती. तिने गोमेसीची घडी मोडली आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरली. "साहेब, तुमचं ऐकून मी चार वह्या दिल्या. तुम्ही माझं एक ऐका."

त्याने कोट काढला. पट्टा मी बांधला, चांगल्या तीन गाठी मारून.

सुरुवातीला बाया खूप हसल्या. मग एक पुढे आली आणि आपल्या पोराला कुठलं इंजेक्शन चालत नाही ते त्याला सांगितलं. तिच्या मागून दुसरी आली. मग रांगच तिकडे वळली. कुणी सांगितलं नव्हतं. वेकोये मान खाली घालून सोलत होता, ऐकत होता, बोटं चिकाने काळी पडली होती. कंपालाची प्रत पुन्हा सुरू करायच्या कागदावर त्याने सकाळीच सही केली, असं लॅबवालीने मला सांगितलं. सही करायला तीन दिवस आणि एक पोर लागलं.

नांबोझो त्याच्या शेजारी जमिनीवर बसून सुरीकडे बघत होती.

"साल फार जाड काढताय, साहेब," ती म्हणाली. "निम्मं केळं वाया जातंय. बचत करा की."

त्याने सुरी जरा आडवी धरली. अजून चार फण्या बाकी होत्या.