पहिला खण बुद्धवाडीचा

कोपरच्या पुढे, खाडीच्या अंगाला वाकणपाडा आहे. आता पाडा कसला, चारी बाजूंनी टॉवर उठलेत. पण मधोमध कौलारू पोस्ट अजून छाती काढून उभं. अठ्ठावन्न सालचं. भिंती एवढ्या जाड की मे महिन्यात पण आत गेलं की वाटतं, जरा टेकू दे रे बाबा.

पोस्ट आता नव्या बिल्डिंगच्या गाळ्यात चाललेलं. जुनी इमारत मात्र गावाने भांडून वाचवली. बाहेर इतिहासाचा बोर्ड लागणार होता, आणि तो लिहायचं काम गुरुदत्त सरांकडे. रिटायर मास्तर, शुद्ध बोलणारे. शनिवारी दुपारी ते कागद घेऊन आले आणि सगळ्यांसमोर वाचायला लागले.

"प्रारंभीच्या काळात टपाल देऊळआळीपर्यंतच पोहोचत असे. बुद्धवाडीतील रहिवासी पत्रे नेण्यासाठी पोस्टात येत असत."

रचना भालेरावच्या हातातला शिक्का तिथंच थांबला. ती इथली पोस्टवुमन. नवऱ्याचे आजोबा शिवराम या पोस्टाचे पहिले पोस्टमन. आणि तिचं डोकं म्हणजे तवा, तापायला वेळ नाही.

"सर, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"जुन्या मंडळींनी. अहो, त्या काळी सगळीकडे असंच होतं."

"सगळीकडे असेल. इथे नव्हतं. आमचे आजेसासरे आधी बुद्धवाडीत जायचे, मग बाकीच्या गावात."

"रचनाताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण इतिहासाला पुरावा लागतो. उद्या रंगारी येणार. तोवर काही मिळालं तर जरूर दाखवा."

"भावना मी घरी ठेवून येते, सर. इथे ड्युटीवर असते."

बोलून तर बसली, पण दाखवणार काय? शिवराम जाऊन तीस वर्षं झालेली. जुनी रजिस्टरं वाळवीने कधीच खाल्लेली. उद्या तो बोर्ड लागला की तिची पोरगी शाळेत जाता-येता तेच वाचणार. रचना पिंजऱ्यातल्या वाघिणीसारखी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायला लागली.

कोपऱ्यात पत्रं लावायची लाकडी मांडणी उभी होती. बारा खण. जो पोस्टमास्तर आला त्याने तिच्यावर हिरवा ऑइलपेंट फासलेला. नव्या जागेत लोखंडी आलेली, म्हणून ही भंगारात चाललेली. खिडकीतलं ऊन तिरकं पडलं आणि रचनाला पहिल्या खणाच्या पट्टीवर खळगे दिसले. अक्षरांसारखे. तिने स्कूटीची चावी काढली आणि घासायला सुरुवात.

"अहो, सरकारी मालमत्ता आहे ती!" सर ओरडले.

"भंगारात चाललीय, सर. घासली तर काय बिघडलं?"

रंगाचे पापुद्रे पडले आणि खाली लाकडात कोरलेली अक्षरं निघाली. पहिला खण, बुद्धवाडी. दुसरा, मिठागर चाळ. घासत घासत शेवटचा आला, देऊळआळी.

"बघा! खण फेरीच्या क्रमाने लावतात. ज्याचं दार पहिलं, त्याचा खण पहिला. आज पण मी असंच लावते."

सर वाकून बघत राहिले. "पण हा क्रम फेरीचाच कशावरून? नुसती नावांची यादीही असू शकते."

तेवढ्यात दारातून खाकरल्याचा आवाज आला. देऊळआळीतले महिपतबाबा, शहाऐंशी वर्षांचे, सामान हलवताना बघायला आलेले.

"यादी कसली रे मास्तर! त्या शिवरामाने आयुष्यभर छळलं आम्हाला. आमचं टपाल दोन वाजता! जेवून जरा डोळा लागला की हा घंटी वाजवणार. माझा बाप याच खिडकीवर भांडायचा, आधी आमच्या आळीत ये म्हणून. तर म्हणायचा कसा, 'बुद्धवाडीतली, चाळीतली माणसं मिठागरावर राबतात, ऊन चढलं की घरी येतात, तास-दोन तास असतात. त्यांना पत्र वाचून पण दाखवायचं असतं. तुम्हाला वाचता येतं, तुम्ही थांबा.' मोठ्या ऑफिसात अर्ज टाकला बापाने! साहेब आला, अख्खी फेरी शिवरामाबरोबर चालला आणि म्हणाला, बरोबर आहे, बदलू नका."

बाबांचा राग साठ वर्षांनी पण ताजा. आपण काय सांगून बसलो याचा त्यांना पत्ताच नाही. रचनाला हसू आवरेना.

सरांनी चष्मा पुसला. माणूस हट्टी नव्हता. लिहिलेल्या ओळीवर त्यांनी सरळ काट मारली.

"सांगा रचनाताई. काय लिहू?"

"लिहा. पहिले पोस्टमन शिवराम भालेराव. फेरी बुद्धवाडीपासून सुरू व्हायची. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना ते पत्र वाचून दाखवायचे."

"आणि आमचं दोन वाजताचं?" बाबा गरजले.

"ते पण लिहा, सर. साहेब आलेला ते पण."

"अहो, बोर्डावर एवढं मावणार नाही."

"मग बोर्ड मोठा करा."

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग खिशातून फोन काढून रंगाऱ्याला लावला. "हॅलो, ऐक. उद्या बोर्डाचा पत्रा दीडपट आण."