खताच्या पिंपाची सुनावणी

साहेब नगररचनेच्या कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना वाटलं, सुटले बाई एकदाची! कसलं काय. फायली कचेरीत राहिल्या, पण सवयी सगळ्या घरी आल्या.

सगळा संसार दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत काढल्यावर काकूंना आत्ता कुठे घरामागे हातभर जमीन मिळाली होती. तिच्यात स्वतःच्या हातचा टोमॅटो पिकवायचा, एवढीच त्यांची हौस. रिकाम्या डब्यांत, कान तुटलेल्या कपांत त्यांनी रोपं वाढवली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत ती वीतभर झाली आणि आता दाटीनं पिवळी पडायला लागली. या आठवड्यात जमिनीत गेली नाहीत तर संपलंच.

पण त्याआधी नकाशा मंजूर व्हायला हवा ना! साहेबांनी परसाचा नकाशा काढला. जागोजागी काड्या रोवून चिठ्ठ्या लावल्या: ‘प्रस्तावित टोमॅटो’, ‘प्रस्तावित मिरची’. जमिनीत रोप एक नाही, पण चिठ्ठ्यांचा डौल असा की उद्या तोडणीच आहे.

घोडं अडलं ते खताच्या पिंपापाशी. भाजीची देठं-सालं कुजवायचं ते पिंप दाराशी ठेवावं तर माश्या, आणि लांब कोपऱ्यात ठेवावं तर काकूंची कंबर.

“रोज एवढं लांब कोण जाणार?” काकू म्हणाल्या.

“तुझ्या कमरेची नोंद घेतली आहे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी नकाशात पिंप पुन्हा हलवलं. पिंप हललं की टोमॅटो सरकायचा, टोमॅटो सरकला की मिरची.

मग साहेबांनी जे केलं, ते सुचायला कचेरीतच केस पांढरे व्हावे लागतात. त्यांनी कुंपणावर कागद चिकटवला: खताच्या पिंपाच्या नियोजित जागेबाबत शेजाऱ्यांनी आपल्या हरकती व सूचना शनिवारपर्यंत कळवाव्यात.

शेजारच्या शिंपीणबाईंना तोवर पिंप आहे हेही ठाऊक नव्हतं. मशीनवरून मान वर करायला फुरसत कुणाला! पण एवढी हरकत मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? त्यांना लगेच वास यायला लागला. पिंप अजून कोरं करकरीत होतं, आत एक सालही पडलं नव्हतं. पलीकडच्या मास्तरांनी तर वाऱ्याच्या दिशेवर दोन पानं खरडून आणली.

रविवारी पुढच्या खोलीत सुनावणी. चहा अर्थात काकूंनी करायचा. साहेब छाती काढून बसले होते. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना ‘साहेब, जरा आमचं ऐकून घ्या’ म्हणत होतं. काकूंना ते दिसलं, क्षणभर वाईटही वाटलं. मग चहा गाळताना खिडकीतली दोन रोपं माना टाकून पडलेली दिसली, आणि वाईट वाटायचं थांबलं.

बरीच घासाघीस होऊन ठरलं: पिंप परसाच्या ऐन मधोमध. म्हणजे सगळ्यांच्या खिडक्यांपासून सारखंच लांब. दिवसभर ऊन काय ते तिथेच. भाज्या भिंतीकडेला, सावलीत. शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

“म्हणजे कचरा उन्हात आणि टोमॅटो सावलीत?” ट्रे हातात तसाच धरून काकू म्हणाल्या. “माझी हरकत आहे.”

“अगं, मुदत काल संपली,” साहेब म्हणाले. चेष्टेनं नव्हे, अगदी मनापासून.

काकूंचं डोकंच फिरलं. ट्रे टेबलावर आदळून त्या तडक मागे गेल्या. आत मंडळी ठरावाची भाषा ठरवत बसली, तोवर काकूंनी प्रस्तावित काड्या उपटल्या, मधोमध खड्डे केले, एकेक रोप लावलं आणि पाणी घातलं. पिंप लोटत आणून दाराच्या पायरीशी उभं केलं. माश्यांचं माश्या बघून घेतील.

नकाशा घेऊन साहेब बाहेर आले, पाठोपाठ मंडळी.

“हे काय? कुणाच्या परवानगीनं?”

“कुणाच्याच नाही,” चिखलाचे हात कमरेवर ठेवून काकू म्हणाल्या. “अतिक्रमण आहे. उभ्या नोकरीत तुमच्या कचेरीनं एक तरी हटवलंय का?”

मास्तरांना एकदम खोकला आला. साहेबांनी नकाशाची गुंडाळी करायला घेतली.