गोलाचा धडा

मास्तरांनी मायक्रोफोन ओठांजवळ ओढला आणि धड्यांच्या वापराच्या परवान्याचे वाक्य उच्चारले.

"हे धडे कोणीही ऐकावेत, कोणीही वाटावेत. मात्र एका अक्षरालाही हात लावू नये."

काचेपलीकडे लेकीची बोटे यंत्रावर थबकली. अंध श्रोत्यांना छापील परवाना दिसत नाही, म्हणून तिच्या ध्वनिमुद्रणगृहात तो आरंभीच बोलून नोंदवला जाई. ती स्वतःही जन्मांध होती.

"बाबा, बदलायची मुभा नाहीच?"

"अगं, जन्मभर घासून एकेक वाक्य बसवलंय. उद्या कोणी उपटसुंभ येईल आणि त्रिकोणाला चौथा कोन काढेल!"

ती हसली, पण हसू टिकले नाही. उद्या सकाळी मास्तरांचे स्वरयंत्र काढून टाकायचे होते. अंध मुलांना शब्दांनी भूमिती दाखवण्याची त्यांची विद्या एकाच पुस्तकात होती आणि त्याचे सर्व हक्क त्यांनी प्रकाशकाला लिहून दिले होते. तो आता ते छापतही नव्हता आणि ध्वनिमुद्रित करूही देत नव्हता. म्हणून सारे नव्या शब्दांत, आजच सांगून संपवायचे होते.

रेषा झाली, कोन झाले, वर्तुळ झाले. प्रत्येक प्रश्नानंतर मास्तर सवयीने थांबत.

"या रिकाम्या जागा कापू का?"

"नको. तिथे मूल उत्तर देईल."

अखेरचा धडा गोलाचा. "गोल म्हणजे..." एवढे उमटले आणि आवाज बसला. कोमट पाणी झाले, वाफ झाली. तोंड उघडावे तर नुसती फुसफुस. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ जवळ येत होती. मास्तरांनी मेजावर मूठ आपटली. पुन्हा आपटली. मग कपाळच मेजावर टेकवले.

लेक आत आली आणि सरावाने त्यांच्या खुर्चीपाशी थांबली.

"मी पुरा करू? पण मी बोलले की तो बदल झाला, बाबा. मनाई तुमच्या आवाजात आहे. मोडायची तर तुम्हीच मोडायला हवी."

मास्तरांनी मायक्रोफोन पुन्हा ओठांजवळ ओढला. मग मानेच्या शिरा ताठ करून त्यांनी उरलासुरला श्वास एकवटला.

"बद...लावे."

लेकीने काचेपलीकडे जाऊन मनाई पुसली, तिच्या जागी तो एक शब्द बसवला आणि ती त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"गोल म्हणजे काय, हे मला लहानपणी काही केल्या कळेना," ती सांगू लागली. "केंद्र, त्रिज्या, सगळं डोक्यावरून गेलं. कळलं ते आमच्या बाबांच्या टकलावर हात फिरवताना."

मास्तरांचा हात झटक्यात वर गेला. व्याख्या कुठे? समान अंतर कुठे? हात क्षणभर हवेत राहिला आणि हळूच खाली आला.

"तुमच्याजवळ बसलेल्या कोणाच्या तरी डोक्यावरून हात फिरवा. कुठे कोपरा लागतो का?"

प्रश्न विचारून ती थांबली, त्यांच्यासारखीच.

त्या रिकाम्या जागेत मास्तरांनी टोपी काढली, लेकीचा हात उचलला आणि आपल्या मस्तकावर ठेवला.